मस्टरवर नाव नसलेली माणसं

विद्यापीठ आणि कॉलेजांतल्या कर्मचाऱ्यांच्या सोयी-सवलतींचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी थेट पेन्शनवर जाते आणि तिथेच थांबते. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभरचे कर्मचारी संपावर गेले, आठवडाभर सरकारी दवाखान्यांपासून शाळा-कॉलेजांपर्यंत कामं खोळंबली. मागणीत तथ्य होतंच. १ नोव्हेंबर २००५ या तारखेनं महाराष्ट्रातल्या नोकरदारांचे सरळ दोन भाग केले. ऑक्टोबरअखेर रुजू झालेल्याला निवृत्तीनंतर शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं निवृत्तिवेतन, आणि चार दिवसांनी आलेल्या, त्याच्याच शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्याला बाजाराच्या चढउतारावर ठरणारी पुंजी. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं निश्चित निवृत्तिवेतनाची हमी देणारी एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली, दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळानं ती उचलली. वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटू नये असंही बऱ्याच जणांना वाटतं.

पण या वादात ज्यांचा कधी उल्लेखच होत नाही अशी माणसं आज कॅम्पसवर खूप आहेत. कुठल्याही दिवशी सकाळी कॉलेजात शिरा. गेटवर ओळखपत्र तपासणारा सिक्युरिटीवाला एजन्सीचा. जिना पुसणाऱ्या मावशी हाउसकीपिंगच्या ठेकेदाराच्या. परीक्षा विभागात गुण भरणारा ऑपरेटर ‘आउटसोर्स’. कॅन्टीनमधली पोरं कॅन्टीनवाल्याची. आणि पहिल्या तासाला वर्गावर जाणाऱ्या मॅडम तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबी. यांतल्या कुणासाठीही २००५ च्या अलीकडचं-पलीकडचं असं काही नाही, कारण मस्टरवर त्यांचं नावच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या सोयी जागेच्या आहेत त्या नेमणुकीच्या कागदाला बांधू नयेत. वेतनश्रेणी, बढती, निवृत्तिवेतन हे नेमणुकीचे प्रश्न आहेत. ते वेगळे लढवावेत, लढवले पाहिजेतच. पण कॅन्टीनचा दर, पाळणाघर, प्रथमोपचार, डबा खायला जागा, कपडे बदलायला दार असलेली खोली, ग्रंथालयात बसायची परवानगी, मैदान, वर्षाचं स्नेहसंमेलन या गोष्टी संस्थेच्या आवाराच्या आहेत. गेटच्या आत जो काम करतो त्याला त्या मिळाव्यात, मग त्याचा पगार कुणाच्या खात्यातून का निघेना. हे ऐकायला फार सोपं वाटतं. प्रत्यक्षात आपल्या संस्था नेमक्या याच गोष्टीला सगळ्यात जास्त घाबरतात, आणि त्या भीतीमागे कायद्याचं एक चमत्कारिक गणित आहे. त्याकडे येतोच.

आधी मुंबईचं वेगळेपण लक्षात घ्यायला हवं. कॅम्पस म्हटलं की झाडं, क्वार्टर्स, संध्याकाळी बॅडमिंटन खेळणारे प्राध्यापक असं जे चित्र डोळ्यांसमोर येतं, ते मुंबईत फार थोड्या ठिकाणी खरं आहे. पवईची आयआयटी १९५८ ची. तिथे वसाहत, केंद्रीय विद्यालय, स्वतःचं रुग्णालय, तलाव, क्वचित बिबट्यासुद्धा. अणुऊर्जा खात्याचं अणुशक्तीनगर तर विद्यापीठ नसूनही कॅम्पस कसा असावा याचा नमुना आहे: घर, शाळा, दवाखाना, बाजार सगळं कुंपणाच्या आत. केंद्राच्या पैशावर आणि पन्नास-साठच्या दशकातल्या मोकळ्या जमिनीवर हे उभं राहिलं. १८५७ ला स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या वाट्याला मात्र फोर्टातल्या देखण्या दगडी इमारती आणि राजाबाई टॉवर आला, आणि पुढे कलिन्याचं विद्यानगरी संकुल. संलग्न कॉलेजं म्हणाल तर त्यांतली बहुतेक स्टेशनपासून चालत जाता येईल अशी एकेक इमारत. सकाळी ज्युनिअर कॉलेज, दुपारी डिग्री, संध्याकाळी कुठला तरी स्वयंअर्थसहाय्यित कोर्स. तिथे कॅम्पस म्हणजे लिफ्टसमोरचा पॅसेज.

त्यामुळे मुंबईतल्या कर्मचाऱ्याचं सामाजिक आयुष्य आवारात घडत नाही, लोकलमध्ये घडतं. डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेल. कुणाची मुलगी दहावीला आहे, कुणाच्या सासूचं ऑपरेशन झालं, हे स्टाफरूममधल्या शेजाऱ्याला माहीत नसतं, पण रोजच्या डब्यातल्या ग्रुपला माहीत असतं. साडेपाच वाजले की ऑफिसातल्या पर्सेस आणि बॅगा एकदम उचलल्या जातात. संध्याकाळी सहाला काही कार्यक्रम ठेवा, चहा-समोसा ठेवा, तरी पंधरा माणसं थांबत नाहीत. याला निरुत्साह म्हणणाऱ्यांनी एकदा त्या वेळची कर्जत लोकल पकडून बघावी.

हे अंतर आलं कुठून? पगारातूनच. मुंबई ‘एक्स’, म्हणजे सर्वात वरच्या वर्गातलं शहर, सध्या घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या ३० टक्के. नव्यानं लागलेल्या सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार ५७,७०० रुपये, म्हणजे भत्ता १७,३१०. एवढ्यात कलिना-सांताक्रूझ पट्ट्यात एक बेडरूमचं घर भाड्यानं मिळत नाही, आणि ही कायम नेमणूक मिळालेल्या नशीबवानाची गोष्ट. शिपायाची श्रेणी १५,००० पासून सुरू होते, त्याचा हिशोब करायचीही गरज नाही. बरं, जिथे क्वार्टर्स आहेत तिथेही घोळ आहे. क्वार्टर घेतलं की घरभाडे भत्ता बंद. शिक्षकेतर कर्मचाऱ्याला अठ्ठावन्नाव्या, शिपायाला साठाव्या वर्षी निवृत्तीबरोबर घर सोडायचं. तोवर स्वतःचं घर झालं नसेल तर उतारवयात कर्जतला भाड्यानं जायची वेळ. म्हणून शहाणा माणूस तिशीतच लांबच्या स्टेशनवर फ्लॅट बुक करतो, भत्त्यातून हप्ता भरतो आणि आयुष्याचे रोजचे चार तास रेल्वेला देतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आता पाळणाघराकडे बघा, कारण इथे सगळा मुद्दा उघडा पडतो. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता यावं, असंही त्यात होतं, आणि तो कायदा आता ज्यात सामावला त्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. कॉलेजांच्या बैठकांमध्ये हा विषय अधूनमधून येतो. एका बैठकीत मीही होतो. विषय आला, एक मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, ‘सर, वसईहून आठच्या गाडीत दीड वर्षाचं पोर कोण आणणार?’ सगळे हसले, विषय ‘मागणी नसल्याने’ बारगळला, पुढच्या विषयावर गेलो.

मॅडमचं चूक नव्हतं. लांबून येणाऱ्या कायम कर्मचाऱ्याला कामाच्या जागेजवळचं पाळणाघर खरोखर निरुपयोगी आहे. पण त्याच इमारतीत त्या वेळी झाडू मारणाऱ्या बायका कुठे राहतात हे कुणी विचारलं नाही. त्या राहतात वाकोल्याला, कुर्ल्याला, कलिन्याच्याच वस्तीत. चालत नाहीतर शेअर रिक्षानं येतात. मुलाला घरी थोरल्या बहिणीकडे ठेवतात, म्हणजे बहिणीची शाळा बुडते. नाहीतर शेजारणीला महिन्याला पैसे देऊन सोडतात. म्हणजे विद्यापीठाच्या आवारातलं पाळणाघर ज्यांना उद्यापासून वापरता येईल त्या नेमक्या त्याच आहेत, ज्यांना ते मागायचा हक्क आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. आणि ज्यांना हक्क आहे त्यांना ते नको आहे. मागणी मोजताना आपण कायम कर्मचाऱ्यांची यादी समोर ठेवतो, म्हणून उत्तर शून्य येतं. यादी बदला, उत्तर बदलेल.

सर्वोच्च न्यायालयानं तर हे २००० मध्येच सांगून ठेवलं आहे. दिल्ली महापालिकेच्या रस्त्यावर रोजंदारीनं काम करणाऱ्या बायकांना प्रसूती लाभ द्यावाच लागेल, रोजंदारीवरची बाई आणि कायम बाई यांच्या बाळंतपणात फरक नसतो, असा त्या निकालाचा सारांश. त्याला पंचवीस वर्षं झाली. ज्ञानदानाचा व्यवसाय असलेल्या संस्थांना हे ज्ञान अजून उतरायचं आहे.

दुसरी गोष्ट पतपेढीची. बाहेरच्या माणसाला पतपेढी म्हणजे किरकोळ बाब वाटेल. आतल्याला विचारा. मुलीचं लग्न, गावच्या घराचं छप्पर, मुलाची इंजिनिअरिंगची फी, बायकोचा हर्निया, हे सगळं पतपेढीच्या कर्जावर निघतं. दोन सहकारी जामीनदार राहतात, फॉर्मवर सही होते, दहा-पंधरा दिवसांत रक्कम हातात. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे हप्ता थेट पगारातून कापला जातो, त्यामुळे पतपेढीला बुडण्याची भीती कमी आणि व्याजही सोसवण्याजोगं. माझ्या मते कर्मचाऱ्यांच्या सगळ्या सवलतींमध्ये हीच सर्वात मराठी आणि सर्वात उपयोगी. सरकारनं दिलेली नाही, माणसांनी आपापसात उभी केलेली. वार्षिक सभेला जी भांडणं होतात त्यांतही एक आपलेपणा असतो.

पतपेढीत कंत्राटी माणसाला जागा नाही. कारण उघड आहे, पगारकपात करायला त्याचा पगार संस्थेकडे नाही. मग तो कुठे जातो? भिशीला, सोनाराकडे, किंवा दर आठवड्याला दारात वसुलीला येणाऱ्या बचतगट कंपनीकडे. गंमत म्हणजे वर्गणी घेताना असा भेद होत नाही. २६ जानेवारीच्या सत्यनारायणाची, गणपतीची, कुणाच्या तरी सेवापूर्तीच्या शाल-श्रीफळाची यादी फिरते तेव्हा वॉचमनपासून मावशीपर्यंत सगळ्यांपुढे येते. एका विभागातली अशी यादी मी नीट वाचली होती. वरची नावं आडनावांसकट, पुढे पाचशे, तीनशे. खाली ‘मावशी (२ रा मजला) ५०’, ‘मावशी (बाथरूम) ५०’. पैसे त्यांचेही आलेले, नाव मात्र कुणी विचारलेलं नाही. (सार्वजनिक संस्थेत सत्यनारायण असावा का, हा प्रश्न वेगळा. मला तरी त्यापेक्षा आंतरविभागीय क्रिकेटचे सामने बरे वाटतात. तिथे निदान यॉर्कर टाकणाऱ्याची नेमणूक कुणी विचारत नाही.)

असा काही मुद्दा काढला की ‘ती माणसं सारखी बदलतात हो’ असं ठरलेलं उत्तर येतं. हे खरं नाही, आणि आत काम करणाऱ्या प्रत्येकाला ते खरं नाही हे माहीत आहे. बदलतो तो ठेकेदार. नवं टेंडर निघतं, निळ्या गणवेशाच्या जागी करडा येतो, छातीवरच्या कंपनीचं नाव बदलतं, पगार पहिल्या महिन्यात उशिरा होतो आणि भविष्यनिर्वाह निधीचे जुने-नवे कागद जुळवता जुळवता सहा महिने जातात. मावशी त्याच. कुठल्या प्रयोगशाळेचा नळ पावसाळ्यात उलटा येतो, कुठल्या सरांच्या केबिनची किल्ली दोनदा फिरवावी लागते, कुठल्या मुलीला परीक्षेच्या दिवशी चक्कर येते, हे त्यांना माहीत. दहा-बारा वर्षं एकाच मजल्यावर राबलेली, कागदावर मात्र चार वेगवेगळ्या कंपन्यांची नवी कामगार.

वर्ग घेणाऱ्यांची तऱ्हा यापेक्षा फार वेगळी नाही, फक्त कपडे इस्त्रीचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत असं लिहिलं आहे. २०१९ मध्ये आयोगानं अतिथी व्याख्यात्यांना प्रत्येक तासाला १,५०० रुपये, महिन्याला कमाल ५०,००० असं ठरवून दिलं. म्हणजे छत धरलं तरी ते कायम शिक्षकाच्या नुसत्या मूळ पगाराच्या खाली. प्रत्यक्षात तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना ते छतही लांबून बघायला मिळतं. भरलेल्या तासाचे पैसे. दिवाळीत नाहीत, मे महिन्यात नाहीत, कॉलेजला सुट्टी जाहीर झाली त्या मुसळधार दिवसाचेही नाहीत. बिलं एकत्र निघतात, कधी सत्र संपल्यावर.

पण मला इथे पैशाबद्दल बोलायचं नाही, खुर्चीबद्दल बोलायचं आहे. सीएचबीच्या शिक्षकाला स्टाफरूममध्ये स्वतःची खुर्ची नसते. लॉकर नसतो. दोन तासांमध्ये सव्वा तासाची पोकळी असेल तर तो ग्रंथालयाच्या वाचनकक्षात विद्यार्थ्यांमध्ये बसतो, पिशवीत हजेरीपट, डबा, छत्री आणि मार्कर. विद्यार्थी शंका विचारायला येतो तेव्हा त्याला पॅसेजमध्ये उभं राहून उत्तर द्यावं लागतं. पीएचडी झालेला, नेट-सेट उत्तीर्ण माणूस. संध्याकाळी दुसऱ्या कॉलेजात, शनिवारी क्लासमध्ये. त्याच्याकडून विद्यार्थ्यांच्या ‘सर्वांगीण विकासा’ची अपेक्षा मात्र कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या अहवालात पानभर असते. एका जास्तीच्या टेबलाला, दहा लॉकरच्या एका कपाटाला किती पैसे लागतात? हा प्रश्न निधीचा नाही. आपण त्याला आपला समजतो का, याचा आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निदान वेतनश्रेणीचा किमान पगार द्या असं सांगितलं. समारंभांत ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’ म्हणून भागत नाही, असंही सुनावलं. ते वाचून आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक दिवस टाळ्या वाजल्या. गुरुपौर्णिमेला पुन्हा तोच श्लोक फिरेल.

आता त्या चमत्कारिक गणिताकडे. संस्थांना कंत्राटी माणसाला ओळखपत्र द्यायची भीती वाटते. कॅन्टीनच्या कर्मचारी दराच्या यादीत त्याचं नाव घालायची भीती वाटते. स्नेहसंमेलनाच्या फोटोत तो असला तरी हरकत नाही, पण निमंत्रणपत्रावर नको. कारण उद्या तो कोर्टात उभा राहून म्हणेल, बघा, ओळखपत्र यांचं, हजेरी यांनी घेतली, जेवण यांच्या दरानं, मी यांचाच कामगार. २००६ च्या उमादेवी निकालानं मागल्या दारानं कायम होण्याची वाट अडवली. २००१ च्या स्टील ऑथॉरिटीच्या निकालानं कंत्राट रद्द झालं म्हणून कामगार आपोआप मालकाचा होत नाही असं ठरवलं. एवढं सगळं संस्थांच्या बाजूनं असूनही सल्लागार वकील सांगतो: अंतर ठेवा. मग ते अंतर पाण्याच्या कुलरपर्यंत पोचतं.

हा सल्ला घाबरट तर आहेच, चुकीचाही आहे. कंत्राटी कामगारांबाबतच्या १९७० च्या कायद्यातच विश्रांतीची खोली, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचार आणि शंभर किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तर कॅन्टीन, हे सगळं होतं. ठेकेदारानं दिलं नाही तर मुख्य मालकानं द्यायचं, खर्च ठेकेदाराकडून वसूल करायचा, असंही. कामाच्या जागेची सुरक्षितता आणि आरोग्य यांविषयीच्या २०२० च्या संहितेनं ठेकेदाराचा आडपडदाही काढला. कंत्राटी कामगारांच्या कल्याणाच्या सोयी मुख्य मालकानंच द्यायच्या. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. जी गोष्ट द्या असं कायदाच सांगतो, ती दिली म्हणून माणूस कायम होईल ही भीती धरायची कशाला? न्यायालयं नेमणूक कुणी केली, पगार कोण देतं, काढू कोण शकतं, देखरेख कुणाची, हे सगळं एकत्र बघतात. नुसत्या स्वस्त वडा-उसळीवर कुणी कायम झाल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

शिक्षणसंस्थेत कामगार कोण, हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि त्यात करमणूकही बरीच आहे. १९६३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या बसचालकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. शिक्षण हा उद्योग नाही, तेव्हा विद्यापीठाच्या मुलींना ने-आण करणारे ड्रायव्हर कामगार नाहीत, असा निकाल लागला. १९७८ मध्ये सात न्यायमूर्तींनी बंगळूर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात तो फिरवला. प्राध्यापक मंडळी मात्र आपण कामगार नाही या समजुतीत बरीच वर्षं सुखात होती. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात शिक्षक ‘कर्मचारी’ बसत नाहीत असं २००४ मध्ये न्यायालयानं म्हटल्यावर जाग आली. २००९ ला संसदेनं दुरुस्ती केली, ती १९९७ पासून लागू केली, २०२२ मध्ये न्यायालयानं ती उचलून धरली. कर्मचारी म्हणवून घेण्यात कमीपणा मानणाऱ्यांनीच त्या दिवशी पेढे वाटले. त्यात गैर काही नाही. फक्त आपण ज्या दारानं आत आलो ते मागे लावून घेऊ नये.

इथे संघटनांना बोल लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुंबईतल्या प्राध्यापक-कर्मचारी संघटनांचा लढ्याचा इतिहास मोठा आहे. २०१३ चा परीक्षांवरचा बहिष्कार, फेब्रुवारी २०२३ मध्ये शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आश्वासित प्रगती योजनेसाठी (बढती नाही मिळाली तरी ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) पुकारलेला बहिष्कार, दोन्ही वेळा वेळापत्रकं कोलमडली आणि मंत्रालयाला बोलणी करावी लागली. एवढी ताकद असलेल्या संघटना कंत्राटी माणसाचा विषय निघाला की ‘ते आपले सभासद नाहीत’ म्हणून बाजूला होतात. मागणीपत्रात शेवटून दुसरा मुद्दा म्हणून तो येतो आणि बोलणी पाचव्या मुद्द्यावर संपतात. दरम्यान मस्टर आटत चाललं आहे. दर जूनला चार-दोन सेवापूर्ती समारंभ होतात, त्या खुर्च्यांवर नवी भरती होत नाही, एजन्सीचा माणूस येऊन बसतो. आणखी दहा वर्षांनी सभासद उरतील किती? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं नऊ एजन्स्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. कागद मागे गेला, पण पद्धत मागे गेली नाही.

आणि ही वेळ फक्त झाडूवाल्यांवर येते अशा भ्रमात कुणी राहू नये. जून २०२४ च्या अखेरीस देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं आपल्या वेगवेगळ्या कॅम्पसमधल्या शंभरहून अधिक शिक्षक-शिक्षकेतरांना करार वाढवणार नसल्याच्या नोटिसा दिल्या. टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानावरच्या या नेमणुका, अनुदानाची खात्री नाही म्हणून माणसं नकोत. दोन दिवसांत ट्रस्टकडून पैशाचं आश्वासन मिळालं आणि नोटिसा मागे घेतल्या गेल्या. ज्या संस्थेनं पिढ्यान्‌पिढ्या कामगार कल्याणाचे अधिकारी घडवले, तिथली ही गोष्ट.

सर्वसामान्य वाचक म्हणेल, हे त्यांचं त्यांनी बघावं, आमच्या मुलांचं काय? मुलांचंच सांगतो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं ऑनलाइन उत्तरपत्रिका तपासणी एका झटक्यात सगळीकडे लावली. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही उलटली, निकाल लांबत राहिले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना जावं लागलं. परदेशी प्रवेश हुकलेली, नोकरीच्या दारात अडकलेली मुलं कुणाची होती? कारणं तांत्रिक होती, घाईची होती. पण अशा प्रसंगी निस्तरायला लागतात ती यंत्रणा आतून ओळखणारी माणसं. कुठला गठ्ठा कुठे गेला, कुठल्या कॉलेजचा कोड चुकला, फोन कुणाला करायचा, हे मॅन्युअलमध्ये नसतं. ज्या माणसाला अकरा महिन्यांपलीकडे आपण इथे असू की नाही हे ठाऊक नाही, ज्याला डबा खायला जिन्याखाली बसावं लागतं, त्यानं हे सगळं डोक्यात का साठवावं?

राहिला पैसा. क्वार्टर्स बांधा, सगळ्यांना पूर्ण वैद्यकीय प्रतिपूर्ती द्या असं मी म्हणत नाही, त्यासाठी सरकारच्या तिजोरीकडे जावं लागेल. २१,००० च्या आतल्या पगाराला कामगार विमा योजना आहे, पण डिसेंबर २०१८ च्या आगीनंतर अंधेरीचं कामगार रुग्णालय बराच काळ जवळजवळ बंदच राहिलं आणि या भागातल्या लोकांना कांदिवली-मुलुंड गाठावं लागलं. अशा वेळी आवारातल्या आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून द्यायला काय अडचण आहे? यंत्र तेच, डॉक्टर तेच. ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडं ठेवणारा अटेंडंट स्वतः मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत असेल तर त्याला घरी पुस्तक न्यायचं कार्ड मिळत नाही, हा नियम वाचवतो कुणाला? पतपेढीच्या बाबतीत काम थोडं किचकट आहे. उपविधी बदलावे लागतील, ठेकेदाराशी कपातीचा करार करावा लागेल, ठेकेदार बदलला तर थकबाकीचं काय हे ठरवावं लागेल. अशक्य मात्र काही नाही. सुरुवातीला छोट्या रकमेची, दोन कायम सभासदांच्या जामिनावरची कर्जं देऊन बघता येतील. माझा अंदाज आहे की जामीन राहायला माणसं पुढे येतील. मावशींना ओळखणारे लोक इमारतीत कमी नाहीत.

या सगळ्याला नवी समिती नको, नवं कल्याण मंडळही नको. सुरक्षा आणि सफाईचं टेंडर दर दोन-तीन वर्षांनी निघतंच. त्यात किमान वेतन, गणवेश, दंडाची कलमं असतात. त्याला एक पान जोडावं: या आवारात नेमलेल्या प्रत्येकाला संस्थेचं ओळखपत्र, कर्मचारी दरानं कॅन्टीन, दार-कडी असलेली विश्रांतीची खोली, पाळणाघर, आरोग्य केंद्र आणि वाचनालय मिळेल. ठेकेदार बदलला तरी माणूस तोच असेल तर ओळखपत्राचा क्रमांक तोच राहील. तासिका तत्त्वाच्या नेमणूकपत्रात याच मजकुरात खुर्ची आणि लॉकर एवढे दोन शब्द वाढवावेत. विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा आहेत. मत मागायला येणाऱ्यांनी कुलगुरूंना पुतळ्यांबद्दल आणि नामांतराबद्दल बरंच विचारलं आहे. पुढच्या अर्थसंकल्पी बैठकीत त्यांनी एवढंच विचारावं की आज सकाळी कलिन्याच्या आणि फोर्टच्या गेटमधून कामाला एकूण किती माणसं आत गेली, आणि त्यांतल्या किती जणांची नावं विद्यापीठाकडे आहेत.